एवढ्याशा लेकराला भूल द्यायची का?

"मॅडम, लेकरू सहा महिन्यांचं हाय. भूल दिल्यावर पुढं डोस्कं मंद होतंय म्हणायलेत लोकं. खरं हाय का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हा प्रश्न मला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी विचारतात, लग्नात जेवताना विचारतात, रात्री दहाला फोन करूनही विचारतात. लातुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला एकवीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी दारात उभ्या उभ्या "काही होत नाही, काळजी करू नका" एवढंच सांगून आत गेले. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. त्या अपुरेपणाची किंमत एका लेकरानं मोजली. ते पुढे सांगते.

आमच्या लातुरात या प्रश्नाला जरा जास्तच धार आहे. ट्युशन एरियातल्या फलकांवर दरवर्षी नवे चेहरे आणि नवे मार्क लागतात, ते बघत इथलं मूल मोठं होतं. सात महिन्यांच्या मुलाच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी एका बापानं मला विचारलं होतं, "पुढं नीटच्या परीक्षेला अडचण येणार नाही ना?" मी त्याला खुर्ची दिली आणि बसवून घेतलं. दोन एकर कोरडवाहू जमीन आणि हे लेकरू, एवढंच त्याच्याकडे होतं. लेकराच्या डोक्याची काळजी त्यानं करायची नाही तर कुणी करायची?

ही भीती मोबाईलवरच्या मेसेजांनी जन्माला घातलेली नाही. ती प्रयोगशाळेतून आली. २००३ साली अमेरिकेत सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना सहा तास भूल दिली गेली, तीही माणसांसाठी रोज वापरतात त्याच औषधांची. त्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मेल्या, आणि मोठी झाल्यावर ती शिकण्यात मागे पडली. कारणही पटण्यासारखं होतं. वाढत्या मेंदूत पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात. भुलीची औषधं त्यांचं आपसातलं बोलणंच थांबवतात. ज्या पेशीला बराच वेळ कुणाची हाक येत नाही, ती आपलं इथं काम नाही असं समजून स्वतःला संपवते. ऐन वाढीच्या काळात मेंदू जास्त वेळ गप्प ठेवला तर नुकसान होऊ शकतं, एवढं त्यातून दिसलं. पण उंदराच्या मेंदूची ही वाढ काही आठवड्यांत उरकते, माणसाची वर्षानुवर्षं चालते. पिल्लाचे सहा तास म्हणजे बाळाचे सहा तास नव्हेत.

हे मी वाचलेलं होतं, आणि २००८ साली माझी लेक जन्मली ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. शेजारच्या काकूंनी ग्रहणावर बोट ठेवलं, "गिराणात भाजी चिरली होतीस का गं?" मला तिच्या दुधाची काळजी होती. टाळू उघडा असल्यानं तिला ओढता येत नव्हतं, मी दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायची. चौथ्या महिन्यात ओठाचं ऑपरेशन झालं, अकराव्या महिन्यात टाळूचं. दोन्ही तेव्हाच्या औरंगाबादला, दोन्ही पूर्ण भूल देऊन. मी स्वतः भूल देणारी बाई, पण त्या दिवशी लेक दुसऱ्याच्या हातात देऊन बाहेर बाकावर बसले होते. आत कुठलं औषध कितव्या मिनिटाला जात असेल हे मला पाठ होतं, आणि ते पाठ असण्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता.

तिला वर्ष होतं न होतं तोच, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा अभ्यास आला. ५३५७ मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या ५९३ मुलांना चार वर्षांच्या आत भूल मिळाली होती. एकदाच भूल मिळालेल्यांमध्ये शिकण्यातल्या अडचणी वाढलेल्या नव्हत्या. दोनदा किंवा जास्त वेळा मिळालेल्यांमध्ये वाढल्या होत्या. दोनदा! तो लेख मी किती वेळा वाचला असेल, सांगता येत नाही. पुढे ती पाचवीत गुणाकारात अडखळली की माझं मन सरळ त्या बाकावर जाऊन बसायचं.

हळूहळू मला कळलं ते असं. ज्या मुलाला दोन-तीनदा भूल लागते, त्याला ती उगाच लागत नाही. त्याच्या हृदयात, टाळूत, आतड्यात, कानात काहीतरी बिघडलेलं असतं. ते आजारी असतं, दवाखान्यात राहतं, त्याचं खाणंपिणं आणि खेळणं बुडतं. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांच्या कानात पाणी साठतं, त्यांना कमी ऐकू येतं, आणि कमी ऐकू आलं की शाळेत मागे पडायला आणखी काही लागत नाही. मग मागे पडण्याचं खापर भुलीवर फोडायचं की आजारावर? जुन्या नोंदी चाळून हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून एक वेगळा अभ्यास झाला. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत हर्नियाच्या ऑपरेशनला आलेली ७२२ तान्ही बाळं घेतली. कुणाला कुठली भूल द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. निम्म्यांना सेव्होफ्लुरेन या हुंगायच्या औषधाची पूर्ण भूल दिली, निम्म्यांचं ऑपरेशन जागेपणीच, कमरेत सुई देऊन केलं. पाच वर्षांची झाल्यावर त्यांतली जी आली त्यांची बुद्धिमापन चाचणी घेतली. निकाल २०१९ मध्ये आला. दोन्ही गटांची सरासरी ९९ च्या आसपास, फरक नाहीच. त्याआधी २०१६ मध्ये १०५ भावंडांच्या जोड्यांचा अभ्यास आला होता. एकाला तीन वर्षांच्या आत एकदा भूल मिळालेली, दुसऱ्याला नाही. एकच घर, तेच आईबाप, जवळपास तेच ताट. बुद्ध्यांकात तिथेही फरक नव्हता.

एकदाच, थोड्या वेळाच्या भुलीबद्दल मी आज निर्धास्तपणे "काही होत नाही" म्हणते ते यामुळे. पण तेवढ्यावर थांबले तर तुमची फसवणूक होईल. त्या अभ्यासातली पूर्ण भूल साधारण तासाभरातच आटोपली होती, आणि ७२२ बाळांत बहुतेक मुलगे होते, कारण हर्निया मुलग्यांनाच जास्त होतो. वारंवार मिळालेल्या भुलीबद्दल २०१८ साली आणखी एक अभ्यास आला, ९९७ मुलांचा. त्यांतल्या २०६ जणांना तीन वर्षांच्या आत एकाहून जास्त वेळा भूल मिळाली होती. बुद्ध्यांक त्यांचाही कमी नव्हता. मात्र काम उरकण्याचा वेग आणि बोटांचं बारीक काम यांत ती किंचित मागे होती, आणि त्यांच्या आईवडिलांनी वाचनाच्या आणि वागणुकीच्या तक्रारी जास्त सांगितल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला तोही असाच: तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुन्हापुन्हा भूल द्यायची असेल तर विचार करून द्या. 'देऊ नका' असं त्यात म्हटलेलं नाही.

माझी लेक आता कॉलेजात जाते. तिचे मार्क मी इथे सांगणार नाही. चांगले असते तरी सांगितले नसते आणि कमी असते तरी नाही, कारण एका लेकरावरून काहीच सिद्ध होत नाही. ती 'प' आणि 'ब' स्वच्छ म्हणते, एवढं सांगते. टाळू वेळेवर शिवला नसता तर हे दोन वर्ण तिच्या नाकातून निसटले असते.

मला आज सांगायचं आहे ते हेच. मेंदू कोवळा असतो म्हणून ज्या वर्षांत आपण भुलीला भितो, त्याच वर्षांत त्या मेंदूला ऐकायला, बघायला आणि बोलायला शिकायचं असतं. जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर ते पहिल्या दीड-दोन महिन्यांत काढावं लागतं. उशीर झाला तर डोळा साफ होऊनही मेंदू त्या डोळ्यानं बघायला नीट शिकत नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाला कानाचं यंत्र बसवायचं ऑपरेशन जितकं लवकर होईल तितकी भाषा सोपी जाते. शाळेत घालताना बघू म्हटलं तर भाषा शिकायचं वय निघून गेलेलं असतं. मेंदूला जपायचं म्हणून आपण थांबतो, आणि नुकसान मेंदूचंच होतं.

आता ते लेकरू. धारूर तालुक्यातलं ऊसतोडीवर जाणारं जोडपं, पाच महिन्यांचा मुलगा, जांघेत हर्निया. सप्टेंबरात आमच्याकडे आले. मुकादमाची उचल घेतलेली होती, दसऱ्यानंतर कारखान्यावर जायचं होतं. आजी म्हणाली, "एवढ्याशा लेकराला भूल नगं. पट्टा पडल्यावर बघू, तोवर जरा मोठं होईल." पट्टा पडणं म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपणं. मी नेहमीचं वाक्य म्हणाले आणि पुढच्या केसला गेले. थांबण्यात काय धोका आहे, हे मी त्या आजीला सांगितलं नाही. तान्ह्या बाळाचा हर्निया मोठ्या माणसासारखा वर्षानुवर्षं वाट बघत नाही, त्यात आतडं अडकण्याची भीती याच वयात जास्त असते. डिसेंबरात, ऊस तोडायला गेले होते तिथेच, ते अडकलं. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, रात्र काढून सकाळी ट्रॅक्टरनं दवाखाना गाठला, तोवर आतड्याचा तुकडा काळा पडला होता. तो कापावा लागला. पाऊण तासाची भूल टळावी म्हणून थांबले होते, तिथे तीन तासांची द्यावी लागली, तीही उलट्यांनी सुकलेल्या, तापलेल्या लेकराला. लेकरू वाचलं. उन्हाळ्यात ते मला दाखवायला आले तेव्हा आजी काही बोलली नाही, आणि मलाही बोलता आलं नाही.

थांबता येण्यासारखं असेल तेव्हा थांबा असं मीच सांगते, आणि सर्जनशी त्यावरून वादही घालते. दिसायला बरं नाही एवढ्याच कारणासाठी वर्षाच्या बाळाला कशाला भूल द्यायची? दोन छोटी ऑपरेशनं एकाच भुलीत होत असतील तर तसं करून घ्या. ते सर्जनला तुम्हीच विचारा.

आणि भुलीला घाबरून बिनभुलीचा हट्ट धरू नका. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतही नवजात बाळांना वेदना कळत नाहीत असा समज होता. स्नायू सैल करायचं औषध आणि थोडा गॅस देऊन ऑपरेशनं व्हायची. बाळ हलत नसे, म्हणून दुखत नाही असं धरायचे. के. जे. एस. आनंद या भारतीय डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८७ साली दाखवून दिलं, की वेदनाशामक फेंटॅनिल नीट दिलं तर त्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि ऑपरेशननंतरचे त्रास दोन्ही कमी होतात.

भुलीच्या औषधापेक्षा मला जास्त भीती वाटते ती ऑक्सिजन कमी पडण्याची, साखर उतरण्याची, बाळ गार पडण्याची. मेंदूला इजा व्हायला त्यांना तीन तास लागत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी दाराशी मला हे विचारा: भूल कोण देणार, ते शेवटपर्यंत बाळाजवळ थांबणार का, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारं लाल दिव्याचं यंत्र लावणार का, बाळाला गरम कसं ठेवणार. आणि मला खरं खरं सांगा. अंगावरचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध किंवा खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आजीनं रडतंय म्हणून पहाटे पार्ले बिस्किट चारलं असेल तर लपवू नका, मी रागावणार नाही. वेळ पुढे ढकलू. सर्दी-खोकला असेल तर आदल्या संध्याकाळीच फोन करा, म्हणजे चाळीस किलोमीटरचा फेरा वाचेल.