विहिरीची खोली आणि गर्भित हमी

गेल्या एप्रिलमध्ये गावच्या घरासाठी पाण्याचा पंप घेतला. त्याआधी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, तेव्हा पाणी काठापासून ४० फुटांवर लागले. तो आकडा मी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर कळवला आणि ‘यासाठी चालेल असा पंप द्या’ असे लिहिले. त्याने एक एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला, विहिरीबाहेर ठेवायचा पंप दिला. फिटरने तो काठावर बसवला, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) तपासला, पाइपात दोनदा पाणी भरून पाहिले, पण नळाला थेंब आला नाही. काठावरचा पंप पाणी ओढतो, तेव्हा ते पाइपात खरे तर बाहेरच्या हवेच्या दाबाने चढते; हा दाब पाणी फार तर ३४ फूट वर ढकलू शकतो, आणि प्रत्यक्षात काठावरचा साधा पंप २५ फुटांच्या आसपासच धापा टाकू लागतो. म्हणजे पंपात बिघाड नव्हताच, आणि दुकानदाराची ढाल नेमकी हीच होती: वॉरंटी कार्डात उत्पादनातील दोष म्हटले आहे, तो कुठे आहे ते दाखवा.

कार्डावर छापली तेवढीच हमी, ही समजूत इथे ग्राहकाचा घात करते. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितले असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल आणि तशा वस्तू विकणे हा त्याचा नेहमीचा धंदा असेल, तर ती त्या कामास योग्य असली पाहिजे, ही अट कागदावर नसली तरी व्यवहारात गर्भित असते. कलमात एक खोच मात्र आहे: मी कंपनीचे नाव घेऊन ‘अमुकच पंप द्या’ म्हटले असते, तर या अटीचा आधार बहुधा गमावला असता.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याप्तीही कार्डापेक्षा मोठी आहे. व्यक्त किंवा गर्भित कराराने अपेक्षित असलेल्या दर्जातील उणीव तिच्यात येते, आणि सदोष माल बिलावरील मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. याच कायद्याने वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा हक्कही दिला आहे. खोक्यावर किंमत आणि उत्पादनाचा महिना छापलेला असतो; पण ‘हा पंप तुमच्या विहिरीला चालणार नाही’ हे वाक्य दुकानदारानेच उच्चारायचे असते.

बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता. १९३० च्या कायद्याचे कलम ६२ गर्भित अटी कराराने वगळू देते, हे खरे. पण पैसे मोजून झाल्यावर हाती आलेल्या कागदावरचा शिक्का म्हणजे करार, हे मला पटत नाही.

नवव्या दिवशी मी त्याला त्याच्याच फोनवरचा माझा निरोप दाखवला. थोडी कुरकुर झाली, मग फरकाची रक्कम घेऊन त्याने पाणबुडी पंप, म्हणजे पाण्यात बुडून पाणी खालून वर ढकलणारा, दिला. नव्या बिलावर ‘विहिरीसाठी, पाणी ४० फुटांवर’ असे मी लिहून मागितले. त्याने ते सुवाच्य अक्षरात लिहिले आणि सवयीने खाली तोच शिक्का उमटवला.