ऑशकॉश : मान भाजली, पण डोळे निवले

शिकागोहून ऑशकॉश गाडीने तीन तास. विस्कॉन्सिनमधल्या या गावात दरवर्षी जुलैअखेर ‘एअरव्हेंचर’ हा विमानांचा मेळा भरतो आणि आठवडाभर विमानांची नुसती रीघ लागते; विटमन विमानतळ आणि आसपास मिळून १०,००० च्या वर. आम्ही बुधवार धरला, कारण रात्रीचा शो बुधवारी आणि शनिवारीच असतो.

राहायचं बुकिंग हिवाळ्यातच करून टाका. आम्हाला मे महिन्यात जाग आली आणि तासाभरावरच्या एका मोटेलला एरवीच्या तिप्पट भाडं मोजावं लागलं. तंबू असेल तर विमानतळालगतचं कॅम्प शोलर उत्तम. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

विमानांच्या हवाई कसरती दुपारी अडीचच्या सुमारास सुरू होतात. सकाळी बहुतेक गर्दी जुन्या युद्धविमानांकडे धावते. तुम्ही आधी कसरतीची विमानं जमिनीवर उभी असतानाच बघून घ्या. त्यातलं एक्स्ट्रा ३०० हे विमान जवळून अगदीच चिमुकलं वाटतं. पण इंजिन ३०० अश्वशक्तीचं, आणि सांगाडा अधिक-उणे १० जी, म्हणजे सुलट-उलट दोन्हीकडून वजनाच्या दहापट भार, सोसणारा. पंख वरून-खालून सारखाच फुगीर, म्हणून उलटं उडतानाही त्याचं काही अडत नाही. डाव्या पंखाच्या टोकाला सळ्यांचा एक त्रिकोण असतो. मला ती अँटेना वाटली होती! वैमानिक तो क्षितिजाशी जुळवून आपण सरळ उभे चढतोय की तिरके, ते ताडतो.

तिथेच एक वैमानिक डोळे मिटून, तळहाताचं विमान करून गोल गोल चालत होता. बायको कुजबुजली, “याच्या अंगात आलंय का?” सगळा कार्यक्रम तो अंगात मुरवत होता, उड्डाणाआधी बरेच जण असं करतात.

मग वर हॅमरहेड नावाची कसरत पाहिली. विमान सरळ उभं चढतं, वेग संपत येतो, आता पडणार असं वाटतं. त्याच क्षणी पायाने पूर्ण रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दाबला की पंख्याचा वारा शेपटीवर बसून विमान पंखावर गर्रकन वळतं आणि आलेल्या वाटेनेच खाली येतं. पांढरा धूर म्हणजे गरम एक्झॉस्टमध्ये सोडलेलं पॅराफिनचं पातळ तेल. ते विमान टम्बल मारतं तेव्हा मात्र नाक कुठे, शेपटी कुठे काही कळेना. फिरत्या पंख्याच्या भोवऱ्यासारख्या जोराचा वापर करून मुद्दाम मारलेल्या कोलांट्या असतात त्या.

बसताना तोंड पूर्वेला येतं. फोटो झकास येतात, पण दुपारभर ऊन पाठीवर. मी टोपी घातली, मान विसरलो. रात्री उशीला टेकवेना. घडीची खुर्ची, कानांत बोळे, पाण्याची बाटली हवीच. आम्ही दशम्या आणि ठेचा नेला होता, त्यामुळे रांगा टळल्या.

पाऊस आलाच तर तिथल्या विमान संग्रहालयात शिरा. तिथे क्रिस्टन ईगल जातीची तीन कसरतीची विमानं टांगलेली आहेत. टॉम पोबेरेझ्नी, चार्ली हिलार्ड आणि जीन सूसी ही त्यांच्या वैमानिकांची तिकडी २५ वर्षं एकत्र उडाली. विमानं टांगलेली असली तरी वेळ काढून बघण्यासारखी आहेत.

आणि हो, गाडी गवताच्या मैदानात लावावी लागते. सकाळीच रांगेच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. रात्रीच्या आतषबाजीनंतर, अंधारात, आम्हाला आमची पांढरी टोयोटा शोधायला पाऊण तास लागला. तिथे पांढऱ्या टोयोटा पुष्कळ होत्या.