केनेडीच्या टेबलावरची करवंटी

बोस्टनला लेकीकडे तीन आठवडे होते, त्यातले बहुतेक नातवाच्या मागे धावण्यात आणि थंडीला शिव्या घालण्यात गेले. लिहायचंय ते फक्त केनेडी लायब्ररी आणि म्युझियमबद्दल.

खरं तर मला तिथे जायचंच नव्हतं. आमच्या फोंड्याच्या घरात केनेडीचं नाव कधी प्रेमाने घेतलं गेलं नाही. बाबा पोर्तुगीजांच्या वेळी आग्वादच्या तुरुंगात होते. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा केनेडी राष्ट्राध्यक्ष, आणि सुरक्षा परिषदेत अमेरिकेने सैन्य मागे घ्या म्हणून पोर्तुगालची बाजू धरली, ७ विरुद्ध ४ मतं पडली, रशियाने व्हेटो वापरला म्हणून ठराव बारगळला. "साडेचारशे वर्षं यांना दिसली नाहीत," बाबा शेवटपर्यंत म्हणायचे.

लेक म्हणाली चल तरी. रेड लाइनची ट्रेन, पुढे फुकटची बस. वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी आखलेली १९७९ ची पांढरी इमारत, अगदी समुद्राला लागून, वारा असा की पदर सांभाळता येईना.

आणि आत मला ती दिसली. नारळाची करवंटी! लाकडात आणि प्लॅस्टिकमध्ये बसवलेली, त्यावर कोरलेली वेडीवाकडी अक्षरं. दुसरं महायुद्ध, ऑगस्ट १९४३, केनेडी तेव्हा नौदलात; सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्याची बोट पीटी-१०९ चिरडली, १३ जणांतले दोघे गेले. भाजलेल्या एका सोबत्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून हा माणूस त्याला ओढत बेटापर्यंत पोहत गेला. मग करवंटीवर निरोप कोरला, ११ जिवंत आहेत, छोटी होडी हवी, आणि बियुकु गासा नि एरोनी कुमाना या तिथल्याच दोघांनी तो होडीतून नेऊन पोचवला. पुढे हीच करवंटी त्याच्या ऑफिसातल्या टेबलावर पेपरवेट म्हणून असायची.

आमच्या परसात माड आहेत, सुक्या करवंटीवर कोयत्याचं टोकसुद्धा घसरतं हे मला माहीत आहे. उपाशी, भिजलेल्या माणसाने एकेक अक्षर किती जोर लावून ओढलं असेल! लेकीने दोनदा हाक मारली, मी हलले नाही, मग पुढचं सगळं पळतच बघावं लागलं. तुम्ही जाल तर अर्धा दिवस हातात ठेवून जा.

राग गेला असं मी म्हणणार नाही. ते मत अमेरिकेने चुकीचंच दिलं.

रात्री आईला फोनवर करवंटीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना हे कोणी सांगितलंच नाही गो."