सायकलची ट्रॉली: हिच जमला, अ‍ॅक्सल पुन्हा कागदावर

फ्रेमचं वेल्डिंग उरकलं, आता जोडांची पाळी. सामान धरून ट्रॉली ४० किलोच्या वर जाणार नाही. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे मात्र हिशेबात धरावेच लागतात.

आधी हिच, म्हणजे ट्रॉली सायकलला जोडणारा सांधा. इथे बोल्ट ओढला जात नाही, पट्ट्या त्याला आडवा कापायला बघतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ ही ग्रेड असेल तर ताणातली ताकद ८०० मेगापास्कल. शिअरला, म्हणजे आडवं कापलं जाण्याला, त्याच्या साधारण ६० टक्के धरायची. एम८च्या, म्हणजे ८ मिमी जाड बोल्टच्या, साध्या बिनआट्यांच्या दांडीचं क्षेत्रफळ ५० चौरस मिमी, आट्यांवर ३६.६. म्हणजे तोच बोल्ट दांडीवर कापायला २४ किलोन्यूटन लागतात, आट्यांवर साडेसतरा. कानांच्या जोडात, म्हणजे मधली पट्टी दोन बाजूंच्या दोन पट्ट्यांत धरली की, बोल्ट दोन ठिकाणी कापावा लागतो, म्हणून आकडा दुप्पट.

खरं सांगायचं तर एवढी ताकद इथे चैन आहे. साधा ४.६ ग्रेडचा बोल्ट आट्यांवरही पावणेनऊ किलोन्यूटन सोसतो, आणि माझ्या ट्रॉलीचा हिसका त्याच्या आसपासही जात नाही. तरी वागळे इस्टेटमधून अर्ध्या आट्यांचा लांब एचटी (हाय टेन्साइल) बोल्ट आणला आणि जादा आट्यांचं शेपूट कापलं, म्हणजे भोकात साधी दांडीच बसते. कारण आटे भोकात कानशीसारखे चालतात: भोक लांबट होतं, खेळ वाढतो, मग प्रत्येक ब्रेकला धक्का.

अ‍ॅक्सलची गोष्ट वेगळी. बेत असा होता की एम१० चा पूर्ण आट्यांचा बोल्ट फ्रेमला एकाच बाजूने कसायचा आणि बाहेर चाक. चाकावर २० किलो, म्हणजे २०० न्यूटन. शिअर काढला तर जेमतेम ४ मेगापास्कल, हसण्यासारखा. पण चाकाचा मध्य फ्रेमपासून ६० मिमी दूर. तेवढ्या अंतराने बोल्टच्या मुळाशी, आट्यांच्या खोबणीत, वाकण्याचा ताण येतो सुमारे २२५ मेगापास्कल. ४.६ चा बोल्ट २४० ला कायमचा वाकतो, आणि हे ट्रॉली नुसती उभी असताना! शिअरचे तक्ते पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या धरून केलेले असतात. मध्ये फट पडली की कारभार वाकण्याच्या हातात जातो.

जास्त ग्रेडचा बोल्ट टाकून वेळ मारून नेता येईल, पण मला ते पटत नाही. चाक दोन्ही बाजूंनी धरलं, कानांमध्ये ८० मिमी अंतर ठेवलं आणि मध्ये साधी दांडी आली, तर ताण ४० च्या आसपास उतरतो. एवढ्यात साधा बोल्टही निवांत.

प्लायच्या तळाला काळे ड्रायवॉल स्क्रू लावू नका. ते कडक असतात. आडव्या हिसक्याला वाकायच्या आधीच तुटतात.

कानांसाठी ४० बाय ५ ची पट्टी आणली आहे. तुकडे एकत्र क्लॅम्प करून भोकं एकदमच पाडणार, नाहीतर चाक तिरकं बसेल.