विरजणाची वाटी

उन्हाळ्यातल्या दुपारी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या कचेरीत कामापेक्षा पेंगणेच अधिक चालते. अशाच एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारले, ''सर, प्रोसीजर नीट चालली, टेबलात नोंदही पडली, मग बिलाचा नंबर नल का येतो?'' प्रोसीजर म्हणजे डेटाबेसात नाव देऊन साठवलेल्या आज्ञांचा संच, पॅरामीटर म्हणजे तिच्यात किंमत आत-बाहेर नेणारी वाटी, आणि नल म्हणजे वाटीत किंमतच नसणे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये किंमत बाहेर आणणाऱ्या पॅरामीटरपुढे 'आउटपुट' हा शब्द दोनदा लिहावा लागतो, प्रोसीजर लिहिताना आणि पुन्हा ती बोलावताना. दुसऱ्या ठिकाणी तो राहिला, तर सर्व्हर एका अक्षराने तक्रार करत नाही. किंमत आत ठरते आणि आतच राहते.

लहानपणी दांडिया बाजारातल्या वाड्यात आई मला समोरच्या काकूंकडे विरजण आणायला पाठवी, ती हातात वाटी देऊनच. काकू मात्र आधी नळाला पाणी किती वाजता आले इथपासून लेकीच्या सासरच्यांपर्यंत सारे सांगत, आणि मी मध्येच वाटी पुढे केली की म्हणत, ''थांब रे, पळतोस कुठे?'' चमचाभर विरजण अगदी शेवटी वाटीत पडे. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंगच्या साधनातून प्रोसीजर बोलावणाऱ्यालाही असेच थांबावे लागते, कारण सर्व्हर आधी निकालाच्या सगळ्या ओळी पाठवतो आणि आउटपुट पॅरामीटरच्या किमती त्यांच्या मागून येतात. म्हणून त्या ओळी एकेक करून वाचणारा डेटा रीडर बंद केल्याखेरीज किमती हाती लागत नाहीत.

मापाचे तर विचारूच नका. पॅरामीटरला नुसता 'एनव्हारचार' हा मजकुराचा प्रकार लिहून कंसात लांबी दिली नाही, तर ती एकच अक्षर धरली जाते, आणि आत ठरलेला 'दत्तात्रेय' बाहेर येतो तो नुसता 'द' होऊन.

हे सारे मला सोसते. सोसत नाही ती प्रोसीजर संपवणाऱ्या 'रिटर्न' या आज्ञेमधून रकमा परत आणण्याची खोड. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिटर्नने केवळ पूर्णांक परत येतो, आणि शून्य म्हणजे सारे ठीक हा त्याचा रूढ संकेत. तरीही तेवढेच एक पॅरामीटर वाचते म्हणून लोक त्यातून बाकी रक्कम परत पाठवतात, आणि १२.७५ चे निमूटपणे १२ होतात. त्या पंचाहत्तर पैशांचा जाब वर्षअखेरीस हिशेब जुळवणाऱ्याला द्यावा लागतो. प्रोसीजर लिहिणारा तोवर बहुधा दुसऱ्या नोकरीत रुजू झालेला असतो.