दुखणं किती आणे?

मामांच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक दिसलं, खिळा तापवून पाडलेलं, वाकडं. त्याच्या बाजूला अजून एक होतं, तेही घरीच पाडलेलं, जरा जुनं. म्हणजे तीन आठवड्यांत माणसाने दोनदा पट्टा आवळला होता आणि घरात आम्ही चार जण असून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी तर बी.फार्म केलेली, दिवसभर नागपूरच्या गांधीबागेत होलसेल औषधांच्या दुकानात बसते.

मामा उमरेडकडचे. थोडी शेती, कापूस-सोयाबीन. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, तीस वर्षांचा. दिवसाला चार-पाच पन्न्या व्हायच्या. गालाच्या आत फोड आला तो चार महिने जात नव्हता, तिखट लागलं की डोळ्यात पाणी, तरी आपलं चाललंय हळद लाव, तूप लाव. शेवटी मामीने माझ्या आईला फोन केला आणि आईने त्यांना सरळ नागपूरला बोलावून घेतलं. बायोप्सी, रिपोर्टमध्ये तोंडाचा कॅन्सर, स्कॅन, मग महात्मा फुले योजनेचे कागद, मग ऑपरेशन. ऑपरेशननंतर तीस रेडिएशन सांगितली, सोमवार ते शुक्रवार रोज, म्हणजे सहा आठवडे, म्हणून मामा-मामी मानेवाड्याला आमच्याकडेच राहायला आले.

ऑपरेशननंतर मामांचा एकच प्रश्न होता. "गालाले होतं तं गळा कायले कापला रे बाप्पा?" कानापासून हनुवटीखालपर्यंत टाके होते, आणि मानेला तर आधी एकही गाठ हाताला लागत नव्हती. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा प्रश्न डॉक्टरांनाही कितीतरी वर्षं सुटला नव्हता, काही म्हणायचे गाठ नाही तर मान उघडू नका, गाठ आली की बघू, काही म्हणायचे आधीच साफ करा, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या बारीक लसग्रंथी काढून टाका, कॅन्सर पसरतो तो आधी त्यांत. त्याचं उत्तर आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून आलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने तोंडाच्या कॅन्सरचे सुरुवातीच्या स्टेजचे ५०० पेशंट घेतले, मानेत गाठ लागत नसलेले, अर्ध्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली आणि बाकीच्यांची गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट. २०१५ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. म्हणजे दर आठ जणांमागे एक माणूस जास्त वाचतो, आणि ते कुठल्या नव्या औषधाने नाही, कधी कापायचं एवढ्या एका निर्णयाने. मामांच्या मानेतून अशा २६ बारीक गाठी काढल्या होत्या आणि हाताला न लागणाऱ्या त्या गाठींपैकी दोनमध्ये कॅन्सर निघाला. (रिपोर्टमध्ये हा गाठींचा आकडा बघत जा, १८ किंवा जास्त गाठी तपासल्या गेलेल्या पेशंटचं पुढे बरं चालतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून ऑपरेशन किती नीट झालं याचं ते एक माप धरतात.) मामांना हे सगळं मी सांगितलं. ते बराच वेळ मानेवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "म्हणजे कापला ते बरंच केलं."

तर ऑपरेशन उत्तम झालं, रेडिएशनही सहा आठवड्यांच्या आत सुरू झालं, तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर रेडिएशन सुरू व्हायला सहा आठवडे ही बाहेरही पाळली जाणारी मर्यादा आहे. इथपर्यंत मला कोणाबद्दल तक्रार नाही. उलट त्या सर्जनचे उपकार आहेत.

घोळ पुढे झाला. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघतं, थुंकी गिळणंही नको होतं. मामी वरणाचं पाणी दोनदा गाळून द्यायची, मामा वाटी हातात धरून बसायचे, एक चमचा घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि मामी स्वयंपाकघरात गेली की उरलेलं बाल्कनीतल्या तुळशीच्या बाजूच्या कुंडीत. हे पण नंतर कळलं. दर आठवड्याला डॉक्टरांना दाखवायचं असायचं, बाहेर साठ-सत्तर लोक, चंद्रपूरपासून बालाघाटपर्यंतचे, कोणी रात्रीच्या गाडीने आलेलं. डॉक्टर विचारायचे, "कसं काय काका?" आणि मामा हात जोडून म्हणायचे, "बरं हाये साहेब." पुढचा पेशंट. वजनकाटा कोपऱ्यात होता, त्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला. पहिल्या दिवशी वजन केलं होतं, ६१. पट्ट्याचं भोक दिसलं त्या दिवशी मी मामांना धरून दुकानाजवळच्या काट्यावर उभं केलं, तर ५४.

मी चिडले, मामांवरच चिडले आधी. सांगितलं का नाही? तर म्हणे, "त्याइले किती लोकं पाहा लागते, आपलं रडगाणं कायले लावा." आपल्याकडचा म्हातारा माणूस डॉक्टरांसमोर असाच वागतो, तक्रार करणं म्हणजे त्यांच्या उपचाराला नावं ठेवल्यासारखं वाटतं त्याला.

दुसऱ्या दिवशी ॲडमिट केलं, नाकातून नळी टाकली, ताप होता, आणि सहा दिवस रेडिएशन बंद राहिलं. हे सहा दिवस मला अजून टोचतात. कारण डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन मध्येच थांबलं की उरलेल्या पेशी त्या सुट्टीत जोमाने वाढायला लागतात, उपचार एक दिवस लांबला की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने खाली येते असा जुना आणि पुन्हा पुन्हा तपासलेला हिशोब आहे. मग उरलेल्या दिवसांत काही वेळा दिवसातून दोनदा रेडिएशन देऊन त्यांनी बरीचशी भरपाई केली, पण ती वेळ यायलाच नको होती.

हॉस्पिटलात रात्री झोप लागायची नाही म्हणून मोबाईलवर वाचत बसायची. तिथे मला इथन बॅश नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचा अभ्यास सापडला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये केलेला, ७६६ पेशंट, सगळे पसरलेल्या कॅन्सरचे, केमो चालू असलेले. काहींचं नेहमीसारखं, म्हणजे डॉक्टर भेटले की विचारणार. बाकीच्यांना बारा त्रासांची यादी, दुखणं, उलटी, धाप, भूक, थकवा अशी, प्रत्येकाला आकडा द्यायचा, कॉम्प्युटरवर भरायचं, आणि त्रास वाढला की नर्सला आपोआप मेल जाणार. बस एवढंच. औषध तेच, केमो तीच. २०१७ मध्ये निकाल आला, यादी भरणारे साधारण ३१ महिने जगले आणि नेहमीसारखे विचारलेले २६ महिने. पाच महिने! कॅन्सरचं नवीन औषध दोन महिने वाढवतं तर त्याची पेपरात बातमी येते आणि ते औषध किती लाखांना पडतं ते मी रोज बिलावर बघते. वरून यादीवाल्यांच्या इमर्जन्सीच्या चकरा कमी झाल्या आणि केमो जास्त दिवस झेपली. ज्यांना कॉम्प्युटरची सवयच नव्हती त्यांच्या तब्येतीला तर याचा जास्तच फायदा दिसला.

मामांचा कॅन्सर वेगळा, स्टेज वेगळी, उपचार वेगळा, हे मला कळतं, तो आकडा उचलून इथे लावता येत नाही. पण कारण तेच होतं ना. विचारायची पद्धत. "कसं काय" या प्रश्नाला "बरं हाये" हेच उत्तर येणार, जगात कुठेही.

घरी आल्यावर शंभर पानी वही आणली. मी मोठ्या ऐटीत रकाने आखले, वजन, किती वाट्या गेल्या, संडास, झोप, ताप, आणि दुखणं शून्य ते दहा. पहिल्याच दिवशी गाडी अडली. मामा म्हणे दहा म्हणजे काय? मी म्हटलं सहन न होणारं. "मंग सहन तं होऊन राहिलं, म्हणजे दहा नाही." मग किती? "आता काय सांगू, बरं हाये." मी डोक्याला हात लावला, तेवढ्यात मामी चौथी शिकलेली, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "रुपयातलं किती आणे दुखते ते सांगा ना." मामा क्षणभर थांबले आणि लगेच म्हणाले, "बारा आणे."

विचार न करता, खटकन, सोळापैकी बारा. मी तिकडे सात म्हणू की आठ म्हणू करत होते आणि यांचं माप त्यांच्याजवळ आधीच होतं! तेव्हापासून वहीत आणे. गिळताना चौदा आणे, बसल्या बसल्या सहा आणे, मॉर्फिनची गोळी घेतल्यावर दोन तासांनी चार आणे. मामी रोज रात्री नऊला विचारायची आणि माझा मुलगा लिहायचा. पुढच्या भेटीला मी वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवली. तरुण निवासी डॉक्टर होती, तिने आधी आणे बघून विचारलं हे काय, मग समजल्यावर बोट फिरवत पूर्ण पान वाचलं, आणि गिळताना चौदा बघून जेवणाआधी अर्धा तास गोळी घ्यायला सांगितली, गुळण्यांचं औषध बदललं, नळीतून किती दूध-सत्तू जायला पाहिजे ते वहीतच लिहून दिलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. त्या आठवड्यात वजन पहिल्यांदा थांबलं, ५३ वर.

तिचा काय दोष होता आधी? तिच्यासमोर आकडा आला की ती काम करत होती. आकडा यायची सोयच केलेली नव्हती.

मला म्हणायचंय ते हेच. आपण कॅन्सर म्हटलं की विचारतो मशीन कोणतं, सर्जन कोण, मुंबईला न्यायचं का. ते विचाराच. पण बायोप्सी ते ऑपरेशन किती दिवस लागले, दर आठवड्याला वजन होतं का, त्रास कोण लिहून घेतं, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हे कोणी विचारत नाही, आणि अभ्यास बघाल तर माणूस जगतो-मरतो यात याही गोष्टींचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३४ अभ्यास एकत्र करून, साडेबारा लाखांवर पेशंटचा हिशोब मांडलाय, ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. आणि आमच्याकडे एक शिक्का राहिला म्हणून फाईल अकरा दिवस पडून होती. शिक्का!

टाटा मेमोरियलने यासाठीच माणसं तयार करायला घेतलीत, पेशंटला या काऊंटरवरून त्या काऊंटरला नीट पोचवणारी, समजावून सांगणारी, त्या कोर्सचं नाव केवट ठेवलंय, रामाला नदीपार नेणारा नावाडी तो. नाव वाचूनच मला भरून आलं. ही कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेममधली, डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये गरीब काळ्या बायकांसाठी सुरू केलेली. तिथे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी पाच वर्षं जगणाऱ्या ३९ टक्के होत्या, फुकट तपासणी आणि असा हात धरणारा माणूस दिल्यावर त्या ७० टक्क्यांपर्यंत गेल्या. नागपूरला तर अख्खा विदर्भ येतो, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही येतात, कितीतरी जणांना बोर्ड वाचता येत नाही. प्रत्येक कॅन्सर ओपीडीत असे दोन-चार केवट आणि एक मोकळा वजनकाटा, एवढं तरी पाहिजेच, आणि त्याला परदेशातून काही आणावं लागत नाही.

मामांना आता चौदा महिने झाले. दर दोन महिन्यांनी दाखवायला येतात, खर्रा सुटलाय, तोंड तीन बोटांऐवजी दोनच बोटं उघडतं, लाळ कमी म्हणून पाण्याची बाटली सतत सोबत. सावजीचा रस्सा काही जमत नाही अजून, भाकर दुधात कुस्करून जाते. वही तिसरी चालू आहे, ती मामीजवळ असते. मागच्या सोमवारचं पान मी फोटो काढून ठेवलंय. वजन ५८. झोप बरी. दुखणं दोन आणे, थंडीमुळे.