मग आपटला कसा?

‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ हा हिंदी चित्रपट बघा म्हणून कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एवढा चांगला होता, तर आपटला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी तारीख सांगतो. 21 सप्टेंबर 2007, शुक्रवार. गणपती बसलेले, मंगळवारी विसर्जन. त्या आठवड्यात सोलापुरातली पोरं रात्र रात्र लेझीमचे डाव बसवत असतात. थेटरात जाणार कोण? त्यात शनिवारी टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल ऑस्ट्रेलियाशी आणि सोमवारी फायनल, तीही पाकिस्तानशी! पुढच्याच शुक्रवारी ‘जॉनी गद्दार’ आला. तोही फार चालला नाही, पण नाव त्याचं झालं.

सगळा दोष तारखेवर ढकलत नाही. दिग्दर्शक नवदीप सिंग, पहिलाच चित्रपट. हिरो अभय देओल. देओल म्हटल्यावर पब्लिकला हाणामारी हवी, आणि हा गडी स्वतःच मार खातो. समीक्षकांनी कौतुक केलं, बघणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणाले, फार संथ.

इथं माझं पटत नाही. राजस्थानातलं लाखोट नावाचं रखरखीत गाव. लाच घेताना सापडून सस्पेंड झालेला पीडब्ल्यूडीचा ज्युनिअर इंजिनिअर. त्यानं एक रहस्यकथा लिहिलेली, तीही खपली नाही. एका रात्री एक बाई दारात येते, म्हणते मी मंत्र्याची बायको, नवऱ्याचं लफडं शोधून द्या. हा कॅमेरा घेऊन निघतो आणि अडकत जातो. 1974 च्या ‘चायनाटाऊन’ या हॉलिवूडच्या चित्रपटावरून घेतलंय हे चित्रपट लपवत नाही. पण कालव्याची वाट बघणारं गाव आणि त्या कालव्यावर चाललेलं राजकारण अस्सल इथलं आहे. उजनी भरलं तरी आपल्या नळाला चार-चार दिवसांआड पाणी. टाकीत किती उरलंय ते वाकून बघणाऱ्या माणसाला ही गोष्ट संथ कशी वाटेल? पाणी ज्याच्या हातात, गाव त्याच्या खिशात, हे सोलापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही.

विनय पाठकचा पोलिसातला मेव्हणा तर खास. हसवतो, पण त्याच्यावर विश्वास टाकावा की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.

नवदीपचा पुढचा चित्रपट, ‘एनएच टेन’, थेट 2015 साली आला आणि चालला. तो बघून पोरं विचारतात, काका, ह्याचा पहिला कुठला? आपटला कसा, ते त्यानंतर विचारतात.